वैजापूरच्या प्रेसचा वॉल्व्ह

बजाजनगर, वाळूज
१२ सप्टेंबर १९९४

तीर्थरूप बद्रीनाथमामा आणि साळूमामींना संजीवनीचा नमस्कार.

हे कामाचं पत्र आहे. तात्यासाहेबांच्या जिनातल्या, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरचा हाताचा दांडा काढून तिथं विजेचे वॉल्व्ह बसवायची ऑर्डर आमच्या कारखान्याकडे आली आहे. कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी साहेबांना म्हटलं, त्या प्रेसवर माझे मामा एकतीस वर्षं उभे आहेत, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, "मग तर तूच कर. तुला निदान खरी माहिती मिळेल."

तर मला खरी माहिती हवी आहे.

आज तुम्ही दांडा ओढता तेव्हा वॉल्व्हच्या आतली सळई सरकते आणि तेल दट्ट्याच्या खाली किंवा वर जातं; खाली गेलं की दट्ट्या वर चढून गाठ दाबतो. त्या सळईला आम्ही स्पूल म्हणतो. नव्या वॉल्व्हमध्ये स्पूलला ढकलायचं काम तारेचं वेटोळं करतं. बटन दाबलं की त्यात वीज जाते आणि त्याचं लोहचुंबक होतं. तत्त्व एवढंच आहे, पण असे वॉल्व्ह वीस तऱ्हांचे मिळतात. गाठ दाबलेली असताना तिच्याभोवती लोखंडी पट्ट्या ओवणाऱ्याचे हात प्रेसच्या खाचेत असतात. त्यामुळे मी अंदाजानं निवड करणार नाही.

पंपाच्या पाटीवर काय लिहिलं आहे, दाबाचा काटा कुठपर्यंत जातो, गाठ दाबायला किती वेळ लागतो, विजेचा दाब दिवसा किती पडतो, आणि वीज गेली तर तुम्ही काय करता, हे सगळं सविस्तर कळवा. दांडा सोडल्यावर तो कुठं राहतो, तेही लिहा.

तुमचे गुडघे कसे आहेत?

संजीवनी


वैजापूर
२० सप्टेंबर १९९४

चि. संजीवनीस मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणली, "पोरीचं पत्र हाये का तहसीलची नोटीस?" म्या म्हणलं, शेवटची ओळ बघ, गुडघ्याचं इचारलंय. मग ती जरा नरम झाली. दहावीपर्यंत हितं राहिली, माझ्या हातचं खाल्लं, अन् माझं एका अक्षरानं इचारलं नाय, असं तिचं म्हणणं. पुढच्या पत्रात तिचं काहीतरी इचार, नायतर मला भाकर करपलेली मिळंल.

आता तुझं काम. पंपाच्या पाटीवर मिनटाला साठ लिटर लिहिलंय. मोटर पंचवीस हॉर्सपॉवरची. काटा एकशेसाठवर जातो, त्याच्यावर म्या जाऊ देत नाय. गाठ दाबायला अर्धी बिडी लागते. (बिडी म्या आत वढत नाय, रुई हाये. बाहेरचा हिशेब सांगतो.) लाईटचं काय सांगू, दोनशेतीसच्या जागी दुपारी एकशेसत्तर येते. सीझनमधी दिवसातून धा-बारा बार जाते, अन् मनाला येईल तवा परत येते.

दांडा सोडला तरी जागचा हालत नाय. म्या जिथं ठेवला तिथंच राहतो, इमानी जनावरासारखा. नवा बी तसाच दे. आपल्या मनानं सरकणारा नको.

एक सांगतो, रागावू नको. तात्यासाहेब परवा सगळ्यांसमोर म्हणले, "बटनं आली की कुणीबी प्रेस चालवील. बद्रीनाथला फाटकावर बसवू, गाड्या मोजंल." लोक हसले. म्या बी हसलो. तू तुझं काम बराबर कर, माझी फिकीर करू नको. पण म्या फाटकावर बसणारा माणूस नाय, हे तुला ठाऊक हाये.

तुझा मामा


बजाजनगर, वाळूज
१ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप मामा,

मामींची तब्येत कशी आहे? हे मी त्यांनी रागावण्याच्या आधी विचारणार होते.

तुमची माहिती उपयोगी पडली. अर्धी बिडी म्हणजे किती, हे इथल्या एका फिटरला बाहेर उभं करून घड्याळ लावून मोजलं. अडीच मिनिटं. तुमच्या पंपाच्या आकड्याशी ते जुळतं.

आकार मी मोठा घेतला आहे. पंप साठ लिटर देतो म्हणून साठ लिटरचा वॉल्व्ह पुरेल असं वाटतं, पण दट्ट्या खाली येताना त्याच वॉल्व्हमधून जवळजवळ दुप्पट तेल परत जातं. लहान वॉल्व्हमध्ये ते कोंडतं आणि स्पूल अडखळतो. वेटोळं चोवीस व्होल्टचं, एकाच दिशेच्या विजेवर चालणारं घेतलं आहे. सरळ लाईनवरचं स्वस्त पडलं असतं, पण तुमच्या एकशेसत्तर व्होल्टवर ते स्पूलला पूर्ण ओढू शकलं नसतं आणि घुमत घुमत जळून गेलं असतं.

राहिला मुख्य प्रश्न. वीज गेल्यावर स्पूलनं काय करायचं? एका प्रकारात स्प्रिंग त्याला मधल्या जागी आणते. दुसऱ्यात तो खटक्यात अडकून शेवटच्या जागीच राहतो. दांडा जागचा हलत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून मी दुसरा धरला आहे. साहेबही म्हणाले, चालवणाऱ्याच्या सवयीसारखा द्यावा.

फक्त एक शंका आहे. वीज परत आल्यावर मोटर आपोआप चालू होते का? होत असेल तर हा प्रकार मुळीच चालणार नाही, कारण स्पूल "वर" या जागी अडकलेला असेल आणि दट्ट्या कुणी न सांगता वर जाईल. हो किंवा नाही, एवढंच उत्तर द्या.

फाटकाबद्दल मी काही लिहू शकत नाही. तो माझ्या हातातला विषय नाही. मला तो आवडला नाही, एवढं लिहिते.

संजीवनी


वैजापूर
१० ऑक्टोबर १९९४

चि. संजीवनीस आशीर्वाद.

नाय. बटन दाबल्याबिगर मोटर कशी चालू व्हईल?

मामी खुश हाये. तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्यात, पिशोरला आईकडं जाशील तवा वाटेत उतर. आवडाबाई बी म्हणत व्हती, पोरगी दोन महिने झाले आली नाय. बहिणीचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचवायचं काम माझं, पुढं तू अन् तुझी आई.

आमचा पट्ट्या ओवणारा सांडू इचारतो, तुमच्या भाचीनं बनवलेली मशीन आपल्याला वळखंल का? म्या म्हणलं, ती मलाच वळख दाखवत नाय, तुला काय दाखवणार.

तुझा मामा


वैजापूर
२९ डिसेंबर १९९४

चि. संजीवनीस आशीर्वाद.

वॉल्व्ह बसून तीन आठवडे झाले. चांगला चालतो. तुझ्या कंपनीच्या माणसानं नीट बसवला. गाठी पहिल्यापेक्षा जादा निघतात. तात्यासाहेबांनी तुझं नाव काढलं. थंडी लई हाये. सांडू सध्या सुट्टीवर हाये.

सहज इचारतो, तो स्प्रिंगवाला प्रकार तू लिहिला व्हता, मधी येणारा, तो या जागी बसतो का?

तुझा मामा


बजाजनगर, वाळूज
२ जानेवारी १९९५

तीर्थरूप मामा,

तुम्ही कधी सहज विचारत नाही. तुमच्या पत्रात मामींचं नाव नाही आणि एकही चेष्टा नाही. भर सीझनमध्ये सांडू सुट्टीवर जात नाही.

सांडूला काय झालं आहे?

दुसरं. तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोटरच्या स्टार्टरला तुम्ही हिरव्या बटनात काडी खोचून ठेवत होता, म्हणजे वीज आली की मोटर आपली आपण चालू व्हावी. ती काडी शोधून आणायचं काम माझं असायचं. हे मला काल आठवलं. ऑक्टोबरमध्ये आठवायला हवं होतं.

प्रेसच्या स्टार्टरमध्ये काडी आहे का? उलट टपाली लिहा. मी रागावणार नाही. मला समजलं पाहिजे.

संजीवनी


वैजापूर
७ जानेवारी १९९५

चि. संजीवनीस,

व्हय, काडी व्हती. तू हो का नाय इचारलं अन् म्या नाय लिहिलं. खोटं लिहिलं.

सगळं सांगतो. प्रेसचा ओटा उंच अन् स्टार्टर खाली. लाईट धा बार जाणार, म्या धा बार पायऱ्या उतरणार. गुडघ्यानं व्हत नाय. म्हणून दोन वर्षांपासून काडी खोचतो. तुला लिहिलं असतं तर तू ते कंपनीच्या कागदावर लिहिलं असतं, कागद तात्यासाहेबांसमोर गेला असता, अन् बद्रीनाथला पायऱ्या उतरवत नाय म्हणून त्यांनी मला फाटकावर धाडलं असतं. म्या म्हणलं, दोन वर्षं काय झालं नाय, तेवढ्यानं काय व्हतंय.

बावीस तारखेला दुपारी गाठ पुरी दाबली व्हती. सांडू पट्टी ओवत व्हता. लाईट गेली. दट्ट्या जरासा दोन बोटं खाली बसला. संजे, आता ऐक. लाईट गेली की म्या दांडा मधी आणायचो. एकतीस वर्षं. म्या आणतो हे मला ठाऊकच नव्हतं. लाईट जाणार अन् हात जाणार, त्यात इचार कसला. तुला लिहिताना ते मनातच आलं नाय. त्या दिवशी बी हात गेला. पण तिथं दांडा नव्हता. म्या हवेत मूठ वळली.

तेवढ्यात लाईट आली. मोटर सुरू. दट्ट्या दोन बोटं वर उचलला. सांडूची दोन बोटं खाचंच्या कडेला सापडली. एकाचं नख गेलं, दुसऱ्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणले बोटं राहतील. राहतील, एवढं बरं.

तो पोराबाळाचा माणूस. मला म्हणतो, "मामा, तुमचा काय दोस, मशीनच तशी." म्या त्याच्या तोंडाकडं बघू शकलो नाय.

तात्यासाहेब तुझ्या कंपनीला लिहिणार हाये की वॉल्व्ह खराब दिला. ते म्हणले तवा म्या गप उभा राहिलो. घरी आल्यावर मामीनं मला ताट दिलं नाय. म्हणली, "आपली चूक पोरीच्या नावावर घालून जेवता व्हय?" उद्या सकाळी जाऊन सांगतो, काडी माझी. मग फाटक तर फाटक.

बद्रीनाथ


बजाजनगर, वाळूज
११ जानेवारी १९९५

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही तात्यासाहेबांना सांगितलं असेल. चांगलं केलंत.

तुमचं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच मी साहेबांना लेखी दिलं होतं की निवड चुकली आणि ती मी केली आहे. ते म्हणाले, "ग्राहकानं चुकीची माहिती दिली असेल, तर आपली चूक कशी?" मी म्हटलं, चालवणारा काय सांगतो हे मी विचारलं, तो काय करतो हे जाऊन बघितलं नाही. वाळूजहून वैजापूर दीड-दोन तासांवर आहे. मी गेले नाही, कारण तुमच्यासमोर वही घेऊन उभं राहायला मला अवघड वाटत होतं.

त्या जुन्या वॉल्व्हला स्प्रिंग नव्हती. तुमचा हातच त्याची स्प्रिंग होता. मी दांडा काढला आणि त्याच्याबरोबर ती स्प्रिंगही काढली. काडी तुमची, निवड माझी. दोन्ही कागदावर राहू देत.

आता तीन जागांचा, स्प्रिंगनं मधे येणारा वॉल्व्ह घेतला आहे. मधल्या जागी पंपाचं तेल सरळ टाकीत जातं, म्हणजे मोटर चालू झाली तरी दट्ट्याला काही कळत नाही. दाबलेली गाठ मात्र स्पूलच्या भरवशावर ठेवता येत नाही. स्पूलच्या कडेनं तेल थोडं थोडं निसटतंच. तुमचा दट्ट्या दोन बोटं बसला तो त्यामुळेच. म्हणून दट्ट्याच्या तोंडाशी तेल अडवणारा वेगळा वॉल्व्ह लावते आहे. खाली यायचं बटन दाबल्याशिवाय तो उघडणार नाही.

तोपर्यंत प्रेस बंद ठेवा. तात्यासाहेब ऐकणार नाहीत म्हणून त्यांना साहेबांच्या सहीचं पत्र वेगळं पाठवलं आहे. मी पंचवीस तारखेला स्वतः येते. चाचणीला तात्यासाहेबांनी हजर राहावं. सांडूलाही बोलवा, पण त्याची इच्छा असेल तरच.

मामींना सांगा, जेवायला थांबेन.

संजीवनी


वैजापूर
३० जानेवारी १९९५

चि. संजीवनीस मामा-मामीचा आशीर्वाद.

तू गेल्यापासून जिनात दुसरा विषय नाय. तू यष्टीत बसलीस अन् गेलीस, मागं काय काय झालं ते तुला कळवतो.

त्या दिवशी म्या तुला तोंडानं जे बोललो नाय, ते आधी लिहितो. तू आल्या आल्या म्हणलीस, "मामा, काडी आणा." म्या समजलो, तात्यासाहेबांसमोर माझी इज्जत काढणार. जुनी काडी म्या कवाच काढून फेकली व्हती, पुन्हा नवी तोडून आणली, अन् तू ती आपल्या हातानं हिरव्या बटनात खोचलीस. तात्यासाहेब म्हणले, "अहो बाई, हे काय?" तू म्हणलीस, "आज यांनी काढली तरी उद्या दुसरा कुणी खोचील. काडी असताना चालला तरच वॉल्व्ह बरोबर."

मग खाचंत लाकडाचा ठोकळा ठेवून तीस बार मेनचा खटका पाडायला लावलास. तीस बार लाईट बंद, तीस बार चालू. मोटर गुरगुरायची अन् दट्ट्या जागच्या जागी. तू काटा बघून वहीत लिहीत व्हतीस, माझ्याकडं एकदा बी बघितलं नाय. म्या मनात म्हणलं, ही आवडाबाईची पोरगी नाय, काट्याची पोरगी हाये.

तात्यासाहेबांनी सांडूला म्हणलं, "बघितलं ना? सोमवारपासून ये." सांडू पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून उभा. म्हणला, "ठोकळ्याला बोटं नसत्यात, साहेब." मग तुझ्याकडं बघून म्हणला, "बाई, तुम्ही घालता का हात?"

तू पेन खिशाला लावलंस, वही मिटलीस अन् उजवा हात खाचंत घातलास. उजवा! लिहायचा हात. म्हणलीस, "मामा, खटका पाडा."

संजे, म्या त्या मशीनवर एकतीस वर्षं काढली. तीस बार खटका पाडला तवा काय वाटलं नाय. त्या बारीला हात खटक्यावर अन् बोटं माझी नव्हती. शेवटी सांडूच वरडला, "मामा, पाडा की! इंजिनिअर बाईचा हात हाये, त्यांनीच हिशेब केलाय!" म्या डोळे मिटून पाडला. मोटर थांबली. मग वर केला. मोटर चालू झाली. डोळे उघडले तर तू हात काढून सांडूला दाखवत व्हतीस, दुकानदार कापड दाखवतो तसा.

मग त्यानं आपला चांगला हात घातला. म्हणला, "मामा, आता झटक्यात पाडा, मला शेतात जायचंय."

घरी मामीला सांगितलं तर तिनं मलाच शिव्या दिल्या, की पाडलाच कसा.

तू गेल्यावर तात्यासाहेबांनी मला बोलवलं. म्या म्हणलं, काडीचं तर म्या तवाच कबूल केलंय, आता फाटकाचं काय ते सांगून टाका. ते म्हणले, "बद्रीनाथ, बटन कुणीबी दाबंल असं म्या म्हणलो व्हतो. पण दाबायच्या आधी थांबणारा माणूस मला आज एकच दिसला. तूच राहा वर." सांडूच्या घरी दोन महिन्यांचा पगार पोचवायचं बी कबूल केलं, तुझ्या साहेबाच्या पत्रात तसं लिहिलं व्हतं म्हणं. ते तू लिहून घेतलं असणार. इचारत नाय.

अन् ओट्यावर माझ्या कमरेच्या उंचीला मोटरचं दुसरं बटन कुणी लावलं? ऑर्डरमधी तर ते नव्हतं, म्या कागद बघितला. आता पायऱ्या उतराव्या लागत नाय. मामी म्हणते, हे बटन म्हणजे तुझं पत्रच, अन् ते तिला लई आवडलं.

एक इचारतो. हात घालताना तुला काय वाटत व्हतं? वॉल्व्हवर एवढा भरवसा व्हता?

तुझा मामा


बजाजनगर, वाळूज
६ फेब्रुवारी १९९५

तीर्थरूप मामा,

चाचणीचा कागद परवा साहेबांना दिला. त्यात तीस वेळा लिहिलं आहे. एकतिसावी लिहिली नाही, कारण तसा हात घालणं नियमाविरुद्ध आहे आणि माझ्या हाताखालच्या कुणी तसं केलं तर मी त्याला घरी पाठवीन. तुम्हीही ते कुणाला करू देऊ नका.

वेटोळ्यांवर रुई साचू देऊ नका. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. तेल गाळायची जाळी मार्चमध्ये बदला, मी पाठवते. साहेबांनी आता नियम केला आहे की प्रेसचा वॉल्व्ह निवडण्याआधी एक पूर्ण दिवस चालवणाऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि त्याला काही विचारायचं नाही. मला सिल्लोडच्या एका जिनात जायचं आहे. त्याआधी येत्या रविवारी पिशोरला जाईन. वाटेत नसलं तरी वैजापूरला येईन.

तुम्ही विचारलं आहे म्हणून लिहिते. वॉल्व्हबद्दल मला काही वाटत नव्हतं. तीस वेळा काटा हलला नव्हता. मी तुमच्याकडे बघत होते. खटक्यावर हात ठेवल्यापासून तो पाडेपर्यंत तुम्हाला सतरा सेकंद लागले. ते कारखान्याच्या कागदावर नाहीत. माझ्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवले आहेत.

तुमची
संजी